हात मागं बांधून उभी असते ती बाई

परवा फिमेल मेडिसिन वॉर्डात १८ नंबर बेडच्या आज्जीनं माझ्या स्टुडंटला विचारलं, "पोरी, ती हात मागं बांधून उभी राहती ती बाई कोण हाय गं? कवापसून बघायले मी, काहीच काम करीना ती." पोरगी बिचारी बीपीचा कफ गुंडाळत होती, तिला हसू आवरेना आणि माझ्याकडं बघायची पण चोरी. शेवटी म्हणाली, "आमच्या मॅडम आहेत आज्जी." तर आज्जी म्हणाली, "असू दे की मॅडम, पण तिला काम नाही व्हय?"

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, आज्जीला बरोबर कळलं. म्हणून म्हणलं एकदाचं लिहूनच टाकावं की आम्ही क्लिनिकल इन्स्ट्रक्टर लोक, म्हणजे नर्सिंगच्या पोरींना वॉर्डात काम शिकवणारे, दिवसभर नक्की करतो काय, कारण हे नातेवाइकांना कळत नाही, वॉर्डातल्या डॉक्टरांना अर्धवट कळतं आणि कधीकधी कॉलेजच्या ऑफिसला पण कळत नसावं असा मला दाट संशय आहे.

सरकारी कागदावर या पोस्टला पाठ्यनिर्देशिका म्हणतात. शब्द भारदस्त आहे पण आमच्या गल्लीत सांगितला तर लोक समजतील मी पाठ्यपुस्तकं छापते. सासूबाई सांगतात "सून नर्सिंग कॉलेजात मास्तरीण हाय", शेजारचे सिस्टर म्हणतात आणि रविवारी सकाळी बीपी तपासायला बाह्या वर करून येऊन बसतात. दोन्ही खरंच आहे म्हणा. मी आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, काही वर्षं स्टाफ नर्स म्हणून नाइटा मारल्या, मग पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची डिग्री) केलं आणि २०१७ पासून शिकवायच्या लायनीत आले. आमचं कॉलेज खाजगी, पोरींची पोस्टिंग सरकारी दवाखान्यात, आणि मी या दोघांच्या मधी. कॉलेजवाले मला दवाखान्यातली समजतात, दवाखान्यातले कॉलेजातली समजतात, आणि वॉर्डात खुर्ची कमी पडली की उठायला मलाच सांगतात.

जॉयनिंगच्या ऑर्डरसोबत कामांची यादी दिली होती. रोटेशन प्लॅन (कोणाची पोस्टिंग कधी कोणत्या वॉर्डात ते) बनवणे, हजेरी ठेवणे, प्रोसिजर डेमॉन्स्ट्रेट करणे, सुपरव्हिजन, इव्हॅल्युएशन, आणि सगळ्यात शेवटी "वरिष्ठांनी वेळोवेळी सांगितलेली इतर कामे". पहिल्या वर्षात कळलं की अर्धी नोकरी या शेवटच्या ओळीत आहे, त्यात गॅदरिंगची रांगोळी पण येते. पण उरलेली अर्धी नोकरी त्या यादीत कुठंच नव्हती, ती म्हणजे हात मागं बांधून उभं राहणं, आणि मला ते शिकायला दोन वर्षं लागली.

सकाळची पोस्टिंग आठची असते. मी साडेसातला पोचते. जिन्याखाली पाण्याच्या टाकीजवळ पोरी गोळा होतात, तीच आमची प्री-कॉन्फरन्सची, म्हणजे वॉर्डात जायच्या आधी बोलायची जागा, कॉन्फरन्स हा शब्द ऐकून कोणी एसी हॉल डोळ्यासमोर आणू नये. नखं बघायची, केस बघायचे, आणि घड्याळ. सेकंदकाट्याचं घड्याळ आजकाल कोणाकडं नसतंच, सगळ्यांचं मोबाईलवर, आणि मोबाईल वॉर्डात काढायचा नाही. म्हणून मी पर्समधी दोन जास्तीची घड्याळं ठेवते, बसस्टँडवरून घेतलेली, एकाचा पट्टा तुटलाय तर ते सेफ्टी पिननं खिशाला लावून देते. मग कोणाला कोणता पेशंट, काय डायग्नोसिस, कोणतं औषध कशासाठी, आणि एखादं गणित. ५०० एमएल सलाईन ८ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा, म्हणजे एका एमएलला २० थेंब, तर मिनिटाला किती थेंब? २१ उत्तर यायला पाच मिनिटं लागतात. बारावी सायन्सला चांगले मार्क पडलेल्या पोरी पण बोटं मोजतात. मी रागवत नाही, कारण जिन्याखाली चुकलेलं बरं.

घड्याळाचं एवढं का, तर टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास मोजणं. हे सांगायलाच पाहिजे. नवीन बॅच वॉर्डात आली की पहिल्या आठवड्यात सगळ्या वॉर्डाचं बीपी १२०/८० असतं आणि सगळ्या वॉर्डाचा श्वास मिनिटाला २०. सत्तर वर्षांचा दम्याचा म्हातारा पण २० आणि कालच ऑपरेशन झालेली बाई पण २०. कारण की श्वास मोजायला पेशंटशेजारी पूर्ण एक मिनिट गप्प उभं राहावं लागतं आणि एक मिनिट गप्प राहणं या वयात फार अवघड. तर मी काय करते, चार्ट भरून झाले की त्यातला कोणताही एक पेशंट निवडते आणि त्या पोरीला घेऊन परत जाते, दोघी मिळून मोजतो. एकदा पिडियाट्रिक वॉर्डात चार्टवर २४ लिहिलेलं लेकरू होतं, दीड वर्षाचं, आम्ही मोजलं तर ५६ भरलं. एक ते पाच वर्षांच्या लेकराचा ४० किंवा त्याच्या वर गेला की तो जलद श्वास, निमोनियाकडं बघायचं. पोरीचं तोंड उतरलं. सिस्टरला सांगितलं, डॉक्टर आले, लेकराला ऑक्सिजन लागला. त्या पोरीला मी एक शब्द बोलले नाही. तिनं त्यानंतर प्रत्येक लेकराचा शर्ट वर करून पोटाकडं बघत पूर्ण मिनिट मोजलेलं मी लांबून बघितलंय.

आता हाताची गोष्ट.

२०१७ ला मी नवीनच होते. सर्जिकल वॉर्ड, एक उदगीरकडची पोरगी (नावं लिहीत नाही, मी तशी पण त्यांना गावावरूनच हाक मारते), पेशंटला कमरेत इंजेक्शन द्यायचं होतं. लॅबमधी डमीवर तिनं दहा वेळा दिलेलं. पण डमी अंग चोरत नाही आणि "ए बाई हळू" म्हणत नाही. खऱ्या पेशंटनं अंग चोरलं आणि हिचा हात सरकला, वरच्या बाहेरच्या भागात टोचायचं ते आतल्या बाजूला यायला लागलं, तिथून सायटिक नर्व्ह जाते, लागली तर माणूस पाय ओढत चालतो. मी काय केलं, काही न बोलता तिच्या हातातनं सिरिंज हिसकावून घेतली आणि स्वतः टोचून मोकळी झाले. पेशंटचा पोरगा म्हणाला, "येत नाही तर लावता कशाला हिला?" मी त्याला म्हणलं सॉरी, शिकतेय ती. पोरगी माझ्या मागं उभी होती, रिकामा हात तसाच वर धरून.

मला वाटलं आपण पेशंट वाचवला, आणि वाचवलाच. पण महिन्याभरानं प्रोसिजर बुकं तपासायला घेतली तर हिच्या इंजेक्शनच्या पानावर एक पण सही नाही. बेड मेकिंग पूर्ण, स्पंज बाथ पूर्ण, टीपीआर जास्तीचे, पण सुईचं पान कोरं. रोज काही ना काही कारण काढून ती दुसऱ्या कामाला जात होती आणि एवढ्या जणींच्या गोंधळात मला दिसलं पण नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "मॅडम मला नाही जमणार ते, तुम्हीच म्हणला होता ना." मी असं काहीच म्हणले नव्हते. माझा हात म्हणला होता.

तिला परत सुई धरायला लावायला मला तीन आठवडे लागले. आधी मोसंबी, आपल्या जालन्याच्या मोसंब्या एवढ्या स्वस्त मिळतात तर सिझनमधी मी लॅबला पिशवी भरून नेते, सालीत आणि फोडीत सुई गेल्यावर हाताला काय फरक लागतो ते डमीपेक्षा मोसंबीत जास्त कळतं. मग परत डमी. मग पेशंट, पण तेव्हा आमच्यात एक करार झाला, तो मी आजपर्यंत प्रत्येक बॅचशी करते. बेडजवळ जायच्या आधी व्हरांड्यात पूर्ण प्रोसिजर तोंडानं म्हणून दाखवायची, कुठं टोचणार ते स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवायचं. बेडजवळ गेल्यावर मी बोलणार नाही. माझे हात मागं. आणि मी जर म्हणलं "पेशंटचं नाव परत विचार गं", तर त्याचा अर्थ हातातलं जे काय असेल ते आहे तिथंच थांबव आणि माझ्याबरोबर ट्रॉलीपाशी चल. नाव विचारणं कधीच चुकीचं नसतं ना, त्यामुळं पेशंटला पण संशय येत नाही आणि पोरीची पण अब्रू राहते. माझी दोन बोटं मागं एकमेकांत अडकवलेली असतात, घट्ट, कधीकधी घरी आल्यावर दुखतात.

पण हात कायम मागं ठेवून पण भागत नाही, कधी पुढं आणायचे ते पण कळलं पाहिजे. इन्सुलिनचा एक प्रसंग सांगते. ऑर्डर होती २० युनिटची. वॉर्डातली वायल (इन्सुलिनची छोटी बाटली) ४० वाली, म्हणजे एक एमएलमधी ४० युनिट, तिच्यासाठी लाल टोपणाची ४० चीच सिरिंज लागते. ती संपलेली, नातेवाइकानं बाहेरच्या मेडिकलवरून आणली ती नारंगी टोपणाची १०० वाली. माझी पोरगी तिसऱ्या वर्षाची, थेअरीत वर्गात पहिली, तिनं व्यवस्थित हात धुतले, वायल पुसली, आणि १०० च्या सिरिंजमधी २० च्या रेघेपर्यंत ओढलं. दिसायला सगळं बरोबर. पण त्या रेघेला भरतं ०.२ एमएल, म्हणजे या वायलमधून फक्त ८ युनिट. मी म्हणलं, "पेशंटचं नाव परत विचार गं." ती थांबली, नाव विचारलं, ट्रॉलीपाशी आलो. मी काही सांगितलं नाही, वायल आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवली. दोन मिनिटं बघत राहिली आणि मग "आई गं" म्हणाली.

मग मी तिला उलटं गणित घालायला लावलं. समजा वायल १०० ची आणि सिरिंज ४० ची, तीच २० ची रेघ. उत्तर ५० युनिट. अडीच पट. आज शुगर कमी उतरली असती एवढंच, उलटं झालं असतं तर पेशंट रात्रीत शॉकला गेला असता. हे पुस्तकात आहे, परीक्षेला पण येतं, आणि तिला त्याचे मार्क पण पडले होते. तरीपण. त्या दिवशी सही माझी असते, चूक झाली तर "स्टुडंटनं केली" असं म्हणायची सोय मला नाही आणि नसावी पण.

सगळं मलाच येतं असं पण समजू नका. पावसाळ्यात आमच्याकडं सोयाबीन नि कापसाच्या रानातनं साप चावलेले पेशंट येतात, जून ते सप्टेंबर तर रोजचंच. नाग, मण्यार चावला की पापण्या जड होतात, श्वास अडकतो. घोणस, फुरसं चावलं की रक्त गोठत नाही. आपल्याकडचं जे अँटी स्नेक व्हेनम (विषावर उतारा म्हणून देतात ते औषध) आहे ते या चारही सापांवर चालतं, पण विषानं रक्तावर परिणाम झालाय का, म्हणजे ते द्यायचं का, परत द्यायचं का, हे ठरवायला एक साधी टेस्ट करतात, पेशंटचं २ एमएल ताजं रक्त काचेच्या कोरड्या स्वच्छ टेस्टट्यूबमधी घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरपी करायची. गोठलेलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विषानं रक्त बिघडवलंय. मशीन नाही, रिपोर्ट नाही, खेड्यातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पण होते.

तर अशीच एक टेस्ट करायची होती, माझ्या पोरीनं वॉर्डातली टेस्टट्यूब घेतली आणि मी शिकवलेल्या स्वच्छतेचा मान राखून निरम्यानं घासून चकचकीत केली. मी उभीच होते, मला काही वावगं वाटलं नाही. तर आमचे वॉर्डातले मामा, रिटायरला आलेले, स्ट्रेचर ढकलता ढकलता थांबले, म्हणले, "ताई, त्याला साबण लावायचा नसतो बरं का, रक्त गोठत नाही मग." मला वाटलं मामा काहीतरी जुनं सांगायलेत. संध्याकाळी गाइडलाइन काढून वाचली तर शब्दन् शब्द खरं, डिटर्जंट लागलेली काच किंवा प्लॅस्टिकची ट्यूब असेल तर चांगलं रक्त पण गोठणार नाही आणि गरज नसताना वायलवर वायल अँटी स्नेक व्हेनम जाईल, ज्याची स्वतःची रिॲक्शन येते. काच पुसायला मी इतकी वर्षं शिकवतेय आणि हे मला मामांनी शिकवलं. दुसऱ्या दिवशी प्री-कॉन्फरन्सला मी मामांनाच जिन्याखाली बोलावलं, ते लाजून येईनात, शेवटी चहाचं आमिष दाखवलं.

आणि ती २० मिनिटं! पोरींना दर दोन मिनिटाला ट्यूब उचलून बघायची असते, झालं का, झालं का. आता मी ट्यूब स्टँडला लावली की त्या पोरीला सांगते, हात मागं बांध आणि उभी राहा माझ्यासारखी.

या घासण्याधुण्यावरून हात धुणं आठवलं. मी २०१६ ला लातूरला एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, एप्रिलमधी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. हात धुवायच्या सात स्टेप, ४० ते ६० सेकंद, भिंतीवर रंगीत पोस्टर, आणि नळाला पाणी नाही. बादलीतनं मगानं एकीनं ओतायचं, दुसरीनं धुवायचं. तेव्हा कळलं की हात दिसायला मळलेले नसतील तर हँडरबनं २० ते ३० सेकंदांत भागतं, आणि जिथं पाणीच लागतं, म्हणजे हाताला रक्त, घाण लागलीय, तिथंच ते पाण्याचे मग खर्च करायचे. आजच्या पोरी नळ चालू ठेवून सात स्टेप करतात तेव्हा माझा जीव तुटतो. मी आधी नळ बंद करते आणि मग स्टेप सांगते. वरून येणाऱ्या एका मॅडमनी मला यावरून टोकलं पण होतं, पोस्टरमधी तसं नाहीय म्हणून. असू दे.

वॉर्डातल्या सिस्टर लोकांबद्दल बोलायचं तर नातं सासू-सुनेसारखं आहे, म्हणजे एकमेकींवाचून चालत नाही. एका शिफ्टला दोन सिस्टर आणि पन्नासच्या वर पेशंट, जमिनीवर गाद्या टाकलेल्या, अशात माझ्या दहा पोरी दिसल्या की इन्चार्ज सिस्टरला देव पावल्यासारखं होतं. मग सुरू होतं, ए पोरी हे सॅम्पल लॅबला दे, रक्ताची पिशवी आण, एक्स-रेला पेशंट ने. पोरी दिवसभर पळतात आणि दुपारी विचारलं आज काय शिकली तर लॅब कुठंय ते. मी भांडून बघितलं, काही उपयोग नाही, आणि त्या सिस्टरचं पण काय चुकतं, मी स्वतः त्या जागी होते, रात्री तीनला एकटीनं वॉर्ड सांभाळताना मला पण कोणी आलं असतं तर मी पळवलंच असतं. आता मी इन्चार्जबरोबर सरळ सौदा केलाय, साडेदहापर्यंत पोरी माझ्या, औषधं, केअर, केस घेणं, त्यानंतर अर्ध्या तुमच्या. त्या बदल्यात त्या मला क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) उघडून शिकवू देतात. परीक्षेच्या सुट्ट्या लागल्या की त्यांचाच फोन येतो, कधी येणार तुमच्या पोरी.

नर्सिंग कौन्सिलच्या नियमात दहा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक धरलाय. मी आधी ज्या कॉलेजात होते तिथं पंचवीस असायच्या, तीन वॉर्डांत, दोन मजल्यांवर, आणि मी जिन्यातच जास्त. सुपरव्हिजन म्हणजे काय करणार, पंचवीस जणींच्या पाठीमागं हात बांधून उभं राहता येत नाही. इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र तिथं कधी न बघितलेले टीचर दिसायचे, नवीन ॲप्रन घातलेले, एकमेकांना नावं विचारत. मी ती नोकरी सोडली त्याला हे पण एक कारण, पगार लांबायचा हे दुसरं.

कागदं तर विचारू नका. मास्टर रोटेशन, क्लिनिकल रोटेशन, हजेरी, इव्हॅल्युएशन शीट, कोणाचं काय चांगलं काय वाईट त्याच्या नोंदी, लॉग बुक, केस स्टडी, केअर प्लॅन. केअर प्लॅन तर रात्री स्वयंपाक झाल्यावर तपासते, आणि एकीचं बघून दुसरीनं उतरवलेलं लगेच कळतं. एकदा हर्नियाच्या पुरुष पेशंटच्या हिस्ट्रीत "पाळी नियमित" लिहिलेलं सापडलं. ते पान मी फाडलं नाही, दर वर्षी नवीन बॅचला दाखवते, लिहिणारी आता स्वतः एका आयसीयूत इन्चार्ज आहे आणि अजून माझ्याशी बोलते.

हजेरीचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. थेअरीला ८० टक्के चालते पण प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरावे लागतात, बुडालेले दिवस भरून काढल्याशिवाय कोर्स पूर्ण होत नाही. माझ्याकडं धारूरची एक पोरगी होती, आई-बाप ऊसतोडीला. दसरा झाला की कोयता घेऊन निघायचे ते उन्हाळ्यातच परत. मधी धाकट्या भावाला कावीळ झाली, बघायला घरी कोणी नाही, ही १९ दिवस गैरहजर. ऑफिसनं नोटीस काढली. मी तिचा रोटेशन प्लॅन बदलून दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचे दिवस भरून घेतले, म्हणजे माझे पण भरले, कारण सुपरव्हिजनला कोणीतरी लागतंच. घरी बोलणी बसली. तिच्या लॅम्प लायटिंगला आई कोल्हापूरकडच्या फडावरून रात्रभर प्रवास करून आली होती, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, साडी मात्र इस्त्रीची. पोरी हातात दिवे घेऊन नाइटिंगेलची शपथ म्हणत होत्या (ती शपथ फ्लॉरेन्सबाईंनी लिहिलेली नाही हं, ती १८९३ ला अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली, त्यांच्या नावानं, पण भाषणात सगळे उलटंच सांगतात). कार्यक्रम झाल्यावर ती आई माझ्याकडं आली आणि एवढंच विचारलं, "मॅडम, हिला सुई टोचता येती का आता?" मी म्हणलं, येती. तिनं पोरीचा हात धरून उलटा सुलटा करून बघितला.

एक गोष्ट शिकवायला मला अजून पण नीट येत नाही. पहिला मृत्यू. केस स्टडीला घेतलेला पेशंट, पोरीनं आठ दिवस त्याला बघितलंय, त्याला जेवू घातलंय, त्याच्या नातवाचं नाव तिला माहितीय, आणि सकाळी येऊन बघते तर बेडवर दुसरी चादर. परतूरचा एक पोरगा होता, ब्रदर म्हणजे मेल नर्सचं शिकणारा, मोठा धिप्पाड, लेबर रूमला पोस्टिंग असली की बायका त्याला आत घेत नाहीत म्हणून कायम वैतागलेला. त्याचा पेशंट गेला तर माझ्याकडं फाईल घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, आता दुसरी केस घेऊ का?" मी हो म्हणलं आणि पुढं गेले, कामात होते. अर्ध्या तासानं लिननच्या खोलीत चादरी मोजायला गेले तर हा गठ्ठ्यावर बसलेला, तोंडात रुमाल कोंबून. मी पण शेजारी बसले. काय बोलायचं सुचलं नाही, पुस्तकात मृतदेहाची तयारी कशी करायची ते आहे, डोळे मिटवणे, हनुवटी बांधणे, नावाची चिठ्ठी, सगळं क्रमानं आहे. थोड्या वेळानं मी म्हणलं चल, आणि दोघांनी मिळून शेजारच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याची दाढी केली. त्यानं फार छान केली, एक पण कट नाही.

दुपारी एकला परत जिन्याखाली पोस्ट-कॉन्फरन्स. पोरी भुकेल्या असतात, डबे उघडायची घाई, तरी मी प्रत्येकीला विचारते, आज कुठं घाबरली? काय शिकली असं विचारलं की पाठ केलेलं सांगतात. कुठं घाबरली म्हणलं की खरं बाहेर येतं.

आता १८ नंबरच्या आज्जीचं. काल तिला डिस्चार्ज होता. तीच बीपीवाली पोरगी सलाईनची सुई काढायला गेली, मी ठरल्याप्रमाणं दोन पावलं मागं. पोरीनं हात चोळले, ग्लोव्हज घातले, चिकटपट्टी हळूहळू सोडवली, आज्जीची कातडी कागदासारखी पातळ, मी मनात म्हणत होते ओढू नको, ओढू नको, तिनं ओढली नाही. कापूस ठेवून सुई काढली, दाबून धरलं, पूर्ण दोन मिनिटं, रक्ताचा थेंब पण नाही. कापूस पिवळ्या डब्यात, सुई पांढऱ्या डब्यात. माझी बोटं मागं सैल झाली.

आज्जीनं हाताकडं बघितलं, मग पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बघ, कसं अल्लाद काढलं लेकरानं. तू बी शिकून घे हिच्याकडून, किती दिवस नुसती उभी राहणार."

म्हणलं, हो आज्जी.